टेप लायब्ररी नेटवर्क बॅकअपला जोडताना: खालून वर जाण्याचा क्रम

टेप लायब्ररी म्हणजे टेप ठेवायचे स्लॉट, त्या वाचणारे-लिहिणारे ड्राइव्ह आणि टेप इकडून तिकडे नेणारा रोबो, हे सगळं एकत्र असलेलं यंत्र. ते बसवताना बहुतेक वेळा यंत्रात दोष नसतो, चुकतो तो क्रम. खोकं उघडलं, केबल लावली आणि थेट बॅकअप सॉफ्टवेअरची कॉन्फिग फाइल उघडली, असं झालं की पुढे अडलेल्या जॉबचं कारण केबलमध्ये आहे, ड्रायव्हरमध्ये आहे, रोबोत आहे की फायरवॉलमध्ये, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून या लेखाचा एकच आग्रह आहे: खालचा थर स्वतंत्रपणे उत्तर देत नाही तोवर वरच्या थराला हात लावू नका.

उदाहरणासाठी घेतलेली मांडणी अशी: २४ स्लॉटची लायब्ररी, तिच्यात एसएएस (सर्व्हरला डिस्क-टेप जोडायची केबल-पद्धत) जोडणीचे दोन हाफ-हाइट, म्हणजे अर्ध्या उंचीचे, एलटीओ-८ ड्राइव्ह (एलटीओ हा टेपचा प्रकार, ८ ही त्याची पिढी), एक लिनक्स सर्व्हर आणि त्यावर बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

१. खरेदीआधीची जुळणी

आधी पिढी पाहा. एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-७ आणि एलटीओ-८ टेप वाचतो आणि लिहितो. एलटीओ-६ तो वाचतसुद्धा नाही. एलटीओ-९ ड्राइव्ह फक्त एलटीओ-८ आणि एलटीओ-९ घेतो. "दोन पिढ्या मागचं वाचता येतं" हा नियम एलटीओ-७ पर्यंतचा होता, आणि तो अजून डोक्यात धरून जुना ड्राइव्ह मोडीत काढणारे नंतर अडकतात. कपाटात एलटीओ-६ च्या टेप असतील तर जुना ड्राइव्ह जपून ठेवा.

क्षमतेचा हिशेब मूळ आकड्यावर करा. एलटीओ-८ ची क्षमता १२ टीबी आहे. वेष्टनावरचे ३० टीबी हे अडीचपट कॉम्प्रेशन गृहीत धरून छापलेले असतात. फोटो, व्हिडिओ, झिप आणि एन्क्रिप्ट केलेला डेटा जवळजवळ दबतच नाही. २४ पैकी एक स्लॉट क्लीनिंग टेपला आणि एक मेल स्लॉटला (टेप आत-बाहेर करायच्या खिडकीला) गेला तर हाती २२ टेप, म्हणजे २६४ टीबी.

सर्व्हरमधलं एसएएस कार्ड एचबीए (नुसती जोडणी देणारं) असावं, रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र बांधणारं) नव्हे. रेड कार्डावर टेप ड्राइव्ह सहसा दिसतच नाही, किंवा दिसला तरी मोठे ब्लॉक लिहिताना अडतो. केबलची दोन्ही टोकं स्वतः पाहून मग मागवा: ड्राइव्हच्या बाजूला अनेकदा एसएफएफ-८०८८ असतं, तर नव्या एचबीएवर एसएफएफ-८६४४. दोन्ही टोकांना एकच कनेक्टर असलेली केबल मागवली की काम आठवडाभर थांबतं.

नेटवर्कचा हिशेब सगळ्यांत जास्त वेळा राहून जातो. हाफ-हाइट एलटीओ-८ ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबीपर्यंत लिहितो. १ गिगाबिटच्या लाइनवरून प्रत्यक्षात साधारण ११० एमबी येतात. या वेगाने एक टेप भरायला तीस तास लागतात, आणि डेटा थोडा जरी अडला तरी ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, पुन्हा वेग घेतो. हे पुढे-मागे चालू राहिलं की टेप आणि हेड दोन्ही झिजतात. बॅकअप सर्व्हरला १० गिगाबिटची लाइन आणि स्पूलसाठी, म्हणजे टेपवर जाण्याआधी डेटा तात्पुरता जमवायला, वेगळी एसएसडी, या दोन्ही गोष्टी पहिल्याच यादीत हव्यात.

२. बसवणी

लायब्ररी रॅकमध्ये चढवण्याआधी वाहतुकीचा लॉक काढा. बऱ्याच मॉडेलांत रोबो हलू नये म्हणून स्क्रू किंवा प्लास्टिकची पट्टी लावलेली असते. ती तशीच राहिली की चालू करताच रोबो मोजणी करायला निघतो आणि अडकून एरर देतो. काढलेली पट्टी फेकू नका. मशीन हलवायची वेळ येते तेव्हा तीच लागते.

सर्व्हर बंद ठेवून केबल लावा. आधी लायब्ररी चालू करा, तिची स्लॉट-मोजणी पूर्ण होऊन पॅनलवर "तयार" दिसू द्या, आणि मगच सर्व्हर सुरू करा. उलट केलं तर सर्व्हर सुरू होताना लायब्ररी उत्तर देत नाही आणि ड्राइव्ह यादीत येत नाहीत.

पॅनलवर लायब्ररी "रँडम" मोडमध्ये आहे याची खात्री करा. "सिक्वेन्शियल" मोडमध्ये एक टेप बाहेर काढली की लायब्ररी आपल्या मनाने पुढची टेप आत घालते, आणि सॉफ्टवेअरला वाटतं आत वेगळीच टेप आहे.

*इशारा:* मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्यात दमट गोदामातून आलेली टेप थेट एसीच्या खोलीतल्या ड्राइव्हमध्ये घालू नका. वेष्टनासह २४ तास त्याच खोलीत राहू द्या. गार झालेल्या पृष्ठभागावर ओल धरते आणि हेडला चिकटते. हात निसटून खाली पडलेली टेपही तपासल्याशिवाय घालू नका: झाकण सरकवून आतली धातूची लहान पिन सरळ आणि जागेवर बसलेली दिसली पाहिजे. वाकडी पिन ड्राइव्हच्या आत अडकते, आणि मग ड्राइव्हच उघडावा लागतो.

३. लिनक्सला काय दिसतं

एलएसस्कझी (जोडलेली यंत्रं दाखवणारं), एमटी-एसटी (ड्राइव्हला हुकूम देणारी एमटी ही आज्ञा यात असते) आणि एमटीएक्स (रोबोला हुकूम देणारं) ही तीन पॅकेजं बसवा. एलएसस्कझी ही आज्ञा "-जी" पर्यायासह चालवली की तीन ओळी दिसल्या पाहिजेत: दोन "टेप" प्रकारच्या आणि एक "मीडियमएक्स" प्रकारची. ही तिसरी ओळ म्हणजे रोबो.

दोन टेप दिसतात पण रोबो दिसत नाही, असं झालं तर लगेच केबल बदलू नका. लहान एसएएस लायब्ररीत रोबोला वेगळी केबल नसते. तो पहिल्या ड्राइव्हच्या मागून, त्याच पत्त्यावर एलयूएन १ (एका पत्त्यावरचा उपक्रमांक) म्हणून दिसतो. एचबीएच्या सेटिंगमध्ये एकाहून जास्त एलयूएनना परवानगी नसेल तर रोबो गायब राहतो. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये कोणत्या ड्राइव्हमार्फत रोबो दाखवायचा हेही ठरवलेलं असतं. तो ड्राइव्ह केबलने जोडलेला आहे ना, ते पाहा.

प्रत्येक ड्राइव्हला लिनक्स दोन नावं देतं: एसटी० आणि एनएसटी०. पहिलं नाव वापरून फाइल बंद केली की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने ती जिथे आहे तिथेच थांबते. बॅकअपसाठी फक्त एनएसटी. चुकून एसटी वापरलं तर पुढचं लेखन टेपच्या सुरुवातीपासून होतं आणि आधीचा डेटा पुसला जातो, तेही कसलीही एरर न येता.

*तपासा:* एका ड्राइव्हमध्ये टेप घालून एमटीने एनएसटी० ची "स्टेटस" विचारा. उत्तरात "ऑनलाइन" आणि "बीओटी" (टेप सुरुवातीला आहे) हे शब्द हवेत, आणि ब्लॉक साइझ ० हवा. ० म्हणजे बदलता ब्लॉक, आणि बॅक्युलाला तोच लागतो. दुसरा आकडा दिसला तर "सेटब्लॉक ०" द्या. आज्ञेत ते "सेटबीएलके" असं लिहितात.

४. रोबोचा ड्राइव्ह आणि लिनक्सचा ड्राइव्ह एकच आहे का?

अर्ध्याहून जास्त घोळ इथेच होतात, म्हणून इथे घाई करू नका. रोबो ड्राइव्हना स्वतःच्या क्रमाने ० आणि १ म्हणतो. लिनक्स त्यांना एनएसटी० आणि एनएसटी१ म्हणतं. हे दोन क्रम जुळतीलच असं नाही, आणि आज जुळले तरी रीबूटनंतर उलटे होऊ शकतात. उलटे झाले की रोबो टेप एका ड्राइव्हमध्ये घालतो, सॉफ्टवेअर दुसऱ्या रिकाम्या ड्राइव्हकडे पाहत बसतं, पाच मिनिटांनी कंटाळून जॉब थांबवतं, आणि लॉगमध्ये मात्र "टेप लोड झाली" असंच दिसतं.

पडताळणी अशी करा:

१) दोन्ही ड्राइव्ह रिकामे असल्याची खात्री करा. एमटीएक्सला रोबोचं डिव्हाइस देऊन "स्टेटस" विचारा. दोन्ही "डेटा ट्रान्सफर एलिमेंट" समोर "एम्प्टी" हवं.

२) "लोड १ ०" द्या, म्हणजे स्लॉट १ मधली टेप ड्राइव्ह ० मध्ये. रोबो थांबला तरी लगेच पुढे जाऊ नका. ड्राइव्हला टेप ओढून जागेवर आणायला आणखी थोडा वेळ लागतो.

३) आता एनएसटी० आणि एनएसटी१ दोघांनाही स्टेटस विचारा. जो "ऑनलाइन" म्हणेल तोच रोबोचा ड्राइव्ह ०. दुसरा "ड्राइव्हमध्ये टेप नाही" अशा अर्थाचं उत्तर देईल.

४) त्या ड्राइव्हचा सीरियल क्रमांक लायब्ररीच्या पॅनलवर पाहून कागदावर लिहा.

५) डेव्ह फोल्डरातल्या "टेप/बाय-आयडी" या उपफोल्डरात सीरियल क्रमांकाचे दुवे असतात. त्यांतला शेवटी "-एनएसटी" असलेला दुवा वापरा. शेवटी काही नसलेला दुवा हा टेप गुंडाळणारा एसटी आहे, तो नको. रोबोचाही दुवा बहुधा तिथेच सापडतो.

६) हेच दुसऱ्या ड्राइव्हसाठी करा, मग सर्व्हर रीबूट करून पायरी १ पासून पुन्हा एकदा.

*इशारा:* कॉन्फिगमध्ये "एनएसटी०" असं नाव थेट कधीच लिहू नका. सीरियल क्रमांकाचा दुवाच लिहा. ड्राइव्ह दुरुस्तीला जाऊन नवा आला की ही एक ओळ बदलावी लागते. त्याची नोंद लायब्ररीच्या दारावर चिकटवून ठेवली तर पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतात.

५. टेपवरची बारकोड पट्टी

पट्टीवर आठ अक्षरं असतात: पहिली सहा तुमची, शेवटची दोन टेपच्या पिढीची, म्हणजे एलटीओ-८ साठी "एल८". क्लीनिंग टेपची सुरुवात "सीएलएन" ने. साध्या कागदावर छापलेल्या पट्ट्या काही महिन्यांत सुटतात आणि रोबोच्या हातात गुंततात. तयार पट्ट्याच घ्या, आणि टेपवर त्यांच्यासाठी असलेल्या खोलगट जागेतच लावा.

एलटीओ-९ घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट. नवी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची मोजणी करतो. त्याला सरासरी ४० मिनिटं, कधी दोन तासही लागतात. बॅक्युला मात्र रोबोची डीफॉल्टने पाच मिनिटंच वाट पाहतो. म्हणून नव्या टेपची ही पहिली भरणी आधीच, एमटीएक्सने हाताने करून घ्या, आणि ती चालू असताना वीज घालवू नका.

६. स्टोरेज डिमन

स्टोरेज डिमन, म्हणजे टेपवर प्रत्यक्ष लिहिणारा बॅक्युलाचा भाग, ज्या सर्व्हरला लायब्ररी जोडली आहे तिथेच चालतो. तो "बॅक्युला" या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, म्हणून त्या वापरकर्त्याला "टेप" या ग्रुपमध्ये घाला. रूट म्हणून सगळं चालतं आणि सर्व्हिस सुरू केली की "परवानगी नाही" येतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. बॅक्युलाच्या वतीने रोबो हलवणाऱ्या एमटीएक्स-चेंजर या स्क्रिप्टची "लिस्ट", "लोड" आणि "अनलोड" ही तिन्ही कामं त्याच वापरकर्त्याच्या नावाने हाताने चालवून पाहा.

मग कॉन्फिग. प्रत्येक ड्राइव्हसाठी एक "डिव्हाइस" विभाग, आणि त्या दोघांना एकत्र बांधणारा एक "ऑटोचेंजर" विभाग. डिव्हाइसमध्ये या ओळी नीट पाहा:

– आर्काइव्ह डिव्हाइस: वरच्या भाग ४ मधला सीरियलचा दुवा.
– ड्राइव्ह इंडेक्स: रोबोचा क्रमांक, लिनक्सचा नव्हे.
– मीडिया टाइप: "एलटीओ-८". दोन्ही ड्राइव्हना आणि पुढे डायरेक्टरमध्येही (जॉब ठरवून हुकूम देणारा बॅक्युलाचा भाग) अक्षरशः हेच.
– ऑटोचेंजर, ऑटोमॅटिक माउंट आणि ऑल्वेज ओपन: तिन्ही "येस".
– मॅक्सिमम फाइल साइझ: मूळ १ जीबी. ती १६ जीबी करा. इतका डेटा झाला की टेपवर फाइल-खूण लिहिली जाते, आणि प्रत्येक खुणेला ड्राइव्ह आपला बफर रिकामा करण्यासाठी थबकतो. १ जीबीला म्हणजे दर तीन-चार सेकंदांनी.
– मॅक्सिमम ब्लॉक साइझ: मूळ ६४,५१२ बाइट. २,६२,१४४ ठेवल्यास ड्राइव्ह जास्त सलग चालतो.
– स्पूल डिरेक्टरी आणि मॅक्सिमम स्पूल साइझ: एसएसडीवरची जागा आणि तिची मर्यादा.

*इशारा:* ब्लॉक साइझ पहिली टेप लेबल करण्याआधी ठरवा आणि नंतर कमी करू नका. मोठ्या ब्लॉकने लिहिलेली टेप छोट्या मर्यादेने वाचता येत नाही.

चेंजर कमांड, म्हणजे एमटीएक्स-चेंजरला बोलावणारी ओळ, तिच्यातले टक्क्याच्या चिन्हाचे पाच पर्याय मूळ क्रमानेच राहू द्या. "मिनिमम ब्लॉक साइझ" ही ओळ कुठून तरी उचलून घातली असेल तर काढा. तिच्यामुळे ब्लॉक ठरावीक मापाचा होतो आणि मग परत वाचताना घोळ होतो.

७. बीटेपची परीक्षा

स्टोरेज डिमन थांबवा, कारण तो ड्राइव्ह धरून बसतो. कोरी टेप घाला. बीटेप, म्हणजे बॅक्युलाचं टेप तपासायचं साधन, सुरू करून "टेस्ट" द्या. ही चाचणी टेपवर लिहिते, त्यामुळे आतला डेटा जातो. ती लिहिते, मागे जाते, वाचते, शेवटी जोडते आणि अखेरीस रोबोही तपासते. दोन्ही ड्राइव्हसाठी स्वतंत्रपणे करा. एक झाला म्हणून दुसरा गृहीत धरू नका.

रोबोच्या चाचणीत टेप बाहेर येत नसेल तर एमटीएक्स-चेंजरच्या कॉन्फिगमध्ये "ऑफलाइन=१" करा. काही ड्राइव्ह आधी टेप सोडायला सांगितल्याशिवाय ती रोबोच्या हाती देत नाहीत. लोड झाल्यावर लगेच एरर येत असेल तर तिथेच "लोड_स्लीप" वाढवा.

त्यानंतर "फिल". ही चाचणी पूर्ण टेप भरते. ३०० एमबीच्या वेगाने १२ टीबीला अकरा तासांच्या वर लागतात, म्हणून बरेच जण ती टाळतात. टाळू नका. टेप संपते तेव्हा काय होतं हे कळायची दुसरी वेळ म्हणजे महिन्याभराने, मध्यरात्री, खऱ्या बॅकअपच्या मध्यावर.

८. डायरेक्टर आणि नेटवर्क

तीन पोर्ट लक्षात ठेवा: डायरेक्टर ९१०१, क्लायंटवरचा (ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या मशीनवरचा) फाइल डिमन ९१०२, स्टोरेज डिमन ९१०३. डायरेक्टर फक्त हुकूम देतो. डेटा त्याच्यातून जात नाही, क्लायंट थेट स्टोरेज डिमनला जोडतो. म्हणजे ९१०३ हे डायरेक्टरसाठीच नव्हे, तर प्रत्येक क्लायंटसाठी उघडं हवं.

इथली ठरलेली चूक अशी: डायरेक्टर आणि स्टोरेज एकाच सर्व्हरवर असतात, म्हणून स्टोरेज विभागात पत्ता "लोकलहोस्ट" लिहिला जातो. डायरेक्टर हाच पत्ता क्लायंटला देतो. क्लायंट स्वतःच्याच मशीनवर स्टोरेज शोधतो, तिथे काही नसतं, आणि जॉब अडतो. सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप मात्र व्यवस्थित होतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. पत्ता नेहमी क्लायंटना पोहोचता येईल असा लिहा.

त्याच विभागात "डिव्हाइस" समोर ड्राइव्हचं नाही, तर ऑटोचेंजरचं नाव द्या, आणि "ऑटोचेंजर = येस" लिहा.

*तपासा:* बीकन्सोलमधून (डायरेक्टरला आज्ञा द्यायची खिडकी) "स्टेटस स्टोरेज" आणि "स्टेटस क्लायंट" दोन्ही उत्तर देतात का? आणि एखाद्या क्लायंटवरून सर्व्हरचं ९१०३ पोर्ट उघडतं का?

९. लेबल आणि पूल

बीकन्सोलमध्ये "अपडेट स्लॉट्स" द्या, मग बारकोडवरून सगळ्या टेप एकदम लेबल करा, आणि त्या "स्क्रॅच" पूलमध्ये (पूल म्हणजे टेपांचा गट, स्क्रॅच म्हणजे मोकळ्या टेपांचा) टाका. रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा असे पूल तिथून गरजेप्रमाणे टेप घेतात. मेल स्लॉटमधून टेप घातली किंवा काढली की प्रत्येक वेळी पुन्हा "अपडेट स्लॉट्स". हे राहिलं की कॅटलॉग, म्हणजे काय कोणत्या टेपवर आहे याची बॅक्युलाची नोंदवही, म्हणतो टेप स्लॉट ७ मध्ये आहे, आणि ती प्रत्यक्षात बँकेच्या लॉकरमध्ये असते.

ड्राइव्ह साफ करायचं काम एकाच कुणाला द्या, शक्यतो लायब्ररीला. क्लीनिंग टेप साधारण ५० वेळा वापरता येते. ड्राइव्हने मागितल्याशिवाय साफ करू नका. ती टेप हेड घासते.

१०. पहिला बॅकअप

जॉबमध्ये "स्पूल डेटा = येस" करा. आता डेटा आधी एसएसडीवर जमतो आणि तिथून सलग टेपवर जातो. एक जॉब टेपवर उतरत असताना स्वतःचं स्पूलिंग थांबवतो, म्हणून एका वेळी किमान तीन-चार जॉब चालू द्या. एकाचं उतरतं तेव्हा बाकीच्यांचं भरत राहतं. फाइल डिमनचं सॉफ्टवेअर कॉम्प्रेशन बंद ठेवा. ड्राइव्ह ते काम स्वतः करतो.

जॉबच्या अहवालात "डिस्पूलिंग" चा वेग पाहा. तो २०० एमबीच्या खाली असेल तर आधी एसएसडीचा वाचनाचा वेग तपासा, कारण तीच डिस्क त्याच वेळी नवं लिहूनही घेत असते. एकाच वेळी इतकं सोसेल अशी एसएसडी हवी.

११. रिस्टोअर

"बॅकअप ओके" हा शेरा म्हणजे टेपवर लिहिलं गेलं, इतकंच. एक मोठा फोल्डर निवडा, मूळ जागेवर नव्हे तर वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करा, आणि दोन्हींचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवा. दोन टेपांवर पसरलेला एक जॉबही रिस्टोअर करून पाहा, आणि पहिल्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप दुसऱ्यावर वाचा.

बॅक्युलाचा कॅटलॉग रोज वेगळा बॅकअप करा, आणि त्या जॉबची बूटस्ट्रॅप फाइल (तो बॅकअप कोणत्या टेपवर कुठे आहे हे सांगणारी) बॅकअप सर्व्हरच्या बाहेर ठेवा. सर्व्हर जळाला आणि कॅटलॉग त्याच्याबरोबर गेला तर बीस्कॅन या बॅक्युलाच्या साधनाने प्रत्येक टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून तो पुन्हा उभा करावा लागतो. बावीस टेप, प्रत्येकी अकरा तास.